हिंसक कट्टरतेकडे ओढल्या गेलेल्या व्यक्तीसाठी मानसोपचार : पहिल्या फोनपासून पाठपुराव्यापर्यंत

समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे अशी व्यक्ती क्वचितच स्वतःहून येते. बहुतेक वेळा आधी फोन येतो तो आईचा, बहिणीचा किंवा शिक्षकाचा, आणि फोनवरचे पहिले वाक्य ‘तो हल्ली वेगळंच काहीतरी बोलतो’ अशा धर्तीचे असते. हा लेख प्रामुख्याने असे फोन घेणाऱ्या मानसिक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी लिहिला आहे, तरी त्यातील कुटुंबाविषयीचा भाग कोणीही वाचावा. कट्टरता धर्माच्या, वंशाच्या, राष्ट्राच्या, स्त्रीद्वेषाच्या किंवा आणखी कोणत्या नावाखाली उभी आहे यावरून उपचाराची दिशा फारशी बदलत नाही. ती बदलते त्या विचाराने या माणसाच्या आयुष्यात कोणते काम अंगावर घेतले आहे यावरून. ते काम ओळखायचे आणि हिंसेवाचून होईल अशी दुसरी सोय लावून द्यायची, हाच उपचाराचा कणा आहे.

फोन येण्याआधीची तयारी

असे प्रकरण हाती येण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी स्वरूपात तयार असाव्यात : आपल्या ठिकाणच्या कायद्यानुसार कोणती माहिती कोणाला कळवणे बंधनकारक आहे, तातडीच्या वेळी रुग्णाला कोठे दाखल करता येईल, आणि आपण स्वतः कोणाशी सल्लामसलत करणार. गोपनीयतेचा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टारासॉफ खटल्यात, रुग्णाकडून विशिष्ट व्यक्तीच्या जिवाला गंभीर धोका असल्यास त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी पावले उचलण्याचे कर्तव्य उपचारकावर येते, असे ठरवले. नंतर अनेक ठिकाणच्या कायद्यांवर व व्यावसायिक संहितांवर या विचाराचा ठसा उमटला, मात्र तपशील सर्वत्र सारखे नाहीत. त्यामुळे आपल्याला लागू असलेला नियम कायदेतज्ज्ञाकडून एकदा समजून घ्यावा. संकटाच्या रात्री कलमे चाळत बसणे कोणालाही परवडणारे नसते.

घरच्यांशी बोलणे

घरच्यांना बहुधा पुष्कळ ठाऊक असते. पॉल गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकट्याने दहशतवादी कृत्य करणाऱ्या ११९ जणांपैकी सुमारे ६४ टक्के प्रकरणांत कुटुंबीयांना किंवा मित्रांना त्या व्यक्तीच्या इराद्याची कल्पना होती, कारण तिने स्वतःच ते बोलून दाखवले होते. तरीही कोणी पाऊल उचलले नसेल तर तो निष्काळजीपणाच होता असे धरू नये. कोणाला सांगायचे हे माहीत नसते, सांगितले तर मुलगा कायमचा तुटेल अशी भीती असते, आणि ‘नुसतं बोलतोय’ ही आशा शेवटपर्यंत सुटत नाही.

म्हणून पहिल्या फोनवर प्रश्न नेमके विचारावेत. बदल केव्हापासून दिसू लागला? त्याच्या अलीकडे-पलीकडे काय घडले : नोकरी गेली, नाते तुटले, कोणी गेले, कोठे अपमान झाला? झोप कशी आहे? जुने मित्र कमी झाले की एकदम सुटले? शस्त्र, स्फोटक पदार्थ किंवा प्रवासाची तयारी यांबद्दल काही कानावर आले का? मरणाबद्दल तो बोलतो का? तो वस्तू वाटून टाकतो आहे, देणी फेडतो आहे किंवा निरोपाच्या सुरात बोलतो आहे असे कळले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तातडीची व्यवस्था लावावी.

असा थेट धोका दिसत नसेल, तर घरच्यांना पहिला सल्ला बहुधा त्यांच्या इच्छेच्या उलट द्यावा लागतो. वाद घालू नका, फोन हिसकावून घेऊ नका, नातेवाइकांना जमवून कानउघाडणी करू नका. कट्टर गटाने त्याला आधीच सांगून ठेवलेले असते की घरचे तुला समजून घेणार नाहीत. घरातला प्रत्येक तमाशा त्या भाकितावर शिक्का मारतो. त्याऐवजी जेवणाची वेळ, एखादे सामाईक काम, धाकट्या भावंडाचा अभ्यास असे साधे धागे जपून ठेवावेत, आणि हिंसेबद्दलची मर्यादा मात्र एकाच शांत वाक्यात, न चुकता सांगावी : ‘तुझं म्हणणं मी ऐकेन, पण कोणाला इजा करायची भाषा या घरात चालणार नाही, आणि तसं काही दिसलं तर मी मदत मागेन.’ जर्मनीतील ‘हयात’ या समुपदेशन केंद्राने हाच मार्ग धरला आहे. त्या व्यक्तीपर्यंत थेट पोहोचता येत नसले, तरी तिच्याभोवतीच्या नात्यांना हाताशी धरून काम सुरू करता येते.

पहिली भेट

पहिल्या भेटीत विचारसरणीचा विषय आपण होऊन काढण्याची घाई करू नये. त्याआधी एक गोष्ट मात्र स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी, आणि ती सही घेण्याच्या कागदात दडवून चालत नाही : ‘इथे बोललेलं इथेच राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. शक्य असेल तर आधी तुम्हाला सांगेन आणि मगच पुढे जाईन.’ ही मर्यादा सांगितली तर रुग्ण बोलायचाच नाही, अशी शंका नवशिक्या समुपदेशकांना येते. प्रत्यक्षात मर्यादा आधी न सांगता नंतर माहिती बाहेर दिली, तर जो विश्वासघात होतो त्यातून नाते पुन्हा उभे राहणे जवळपास अशक्य असते.

येथे एक छोटी वाटणारी पण मोलाची गोष्ट. समोरचा एकोणीस वर्षांचा आहे म्हणून त्याला पहिल्या मिनिटापासून ‘अरे-तुरे’ करू नये. अपमानाच्या जखमेवरच ज्याचा संताप पोसला गेला आहे, त्याला ‘तुम्ही’ या एका शब्दाने मिळणारा मान बराच काळ आठवतो. पुढे त्यानेच ‘तू म्हणा’ असे सांगितले, तर नात्यात काहीतरी हलले आहे हे ओळखावे.

निदान : तीन गोष्टी वेगळ्या करणे

हिंसक कट्टरता हा मानसिक आजार नाही, आणि मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कधीही अशा वाटेला जात नाहीत. ही दोन्ही वाक्ये रुग्णालाही ऐकवावीत, कारण ‘मला वेडा ठरवायला आणलंय’ ही त्याची पहिली तक्रार असते. मात्र आजाराचा संबंध मुळीच नसतो असे मानणेही चूक आहे. एमिली कॉर्नर आणि पॉल गिल यांच्या २०१५ च्या अभ्यासात, गटात राहून दहशतवादी कृत्य करणाऱ्यांच्या तुलनेत एकट्याने तसे करणाऱ्यांमध्ये मानसिक आजार आढळण्याचे गुणोत्तर १३ पटींहून अधिक होते. गट आपल्या कामासाठी माणसे पारखून घेतो आणि अस्थिर वाटणाऱ्यांना दूर ठेवतो, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. त्यामुळे गटाशिवाय, खोलीत एकटाच पडद्यासमोर बसून कट्टर झालेल्या तरुणाची मानसिक तपासणी अधिक बारकाईने व्हायला हवी.

तपासणीत सर्वांत जास्त गल्लत होते ती भ्रम, अवाजवी महत्त्व लाभलेली धारणा आणि मंत्रचळातील (ओसीडीमधील) नकोसा विचार या तिघांमध्ये. भ्रम हा बहुधा व्यक्तीचा एकटीचा असतो. शेजारी भिंतीतून आपल्यावर किरण सोडतात असे मानणाऱ्याला त्या श्रद्धेत साथीदार नसतात, आणि त्या जोडीने भास, विस्कळीत बोलणे किंवा वागण्यातील घसरण दिसू शकते. अवाजवी महत्त्व लाभलेली धारणा ही संकल्पना जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेर्निके यांनी १८९२ मध्ये मांडली. अशी धारणा समूहात वाटून घेतलेली असते, माणूस ती चवीने, अभिमानाने जपतो आणि काळाबरोबर ती त्याच्या ओळखीचाच भाग होऊन बसते. मंत्रचळाची गोष्ट अगदी उलटी आहे. तेथे ‘मी कोणाला तरी मारीन का’ हा विचार रुग्णाला छळतो, त्याला स्वतःचीच भीती वाटते, तो चाकू लपवून ठेवतो आणि पुन्हापुन्हा खात्री करून मागतो. अशा रुग्णाला धोकादायक समजून त्याची माहिती बाहेर देणे म्हणजे आजार वाढवणे आहे.

ही रेषा तज्ज्ञांनाही किती अवघड जाते हे नॉर्वेत दिसले. २२ जुलै २०११ रोजी ७७ जणांचे प्राण घेणाऱ्या आंदेर्स ब्रायविकबाबत न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान केले, तर दुसऱ्या जोडीने एप्रिल २०१२ मध्ये तो कृत्याच्या वेळी वास्तवाचे भान हरपलेला नव्हता असा अहवाल दिला. त्याच्या काही चमत्कारिक कल्पना आणि शब्द पहिल्या जोडीला भ्रम वाटत होते. त्या विशिष्ट कट्टर वर्तुळातील भाषा जाणणाऱ्यांना मात्र त्या परिचित होत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला जबाबदार धरले. यातून तपासणीपुरता धडा असा की एखादे विधान विचित्र वाटले तर ते कोणकोण बोलतात याचा शोध घेतल्याशिवाय त्याला भ्रम म्हणू नये.

याशिवाय नैराश्य, जुना आघात, लहानपणीची मारझोड, व्यसन आणि झोप यांची चौकशी नेहमीप्रमाणे करावी. आत्महत्येबद्दल तर थेट शब्दांत विचारावे, कारण दुसऱ्याला मारताना स्वतः मरण्याची कल्पना ही कित्येकदा प्रतिष्ठेच्या वेषातील आत्महत्याच असते. स्वमग्नता आढळली तर तिला धोक्याचे लक्षण समजू नये. पण एकाच विषयात खोल बुडण्याची ओढ, शब्दशः अर्थ घेण्याची सवय आणि मैत्रीतील एकटेपण यांचा कोणी गैरफायदा घेतला का, हे पाहावे आणि उपचाराची भाषा तशी बेतावी.

धोक्याचा अंदाज

धोका मोजणारी कोणतीही जादूची पट्टी उपलब्ध नाही. ‘वेरा’, बावीस घटकांची ‘ईआरजी २२+’ आणि अठरा बाबींची ‘ट्रॅप-१८’ ही साधने प्रचलित आहेत, पण त्यांतील कोणतेही गुणांची बेरीज करून निकाल देण्यासाठी नाही. काय विचारायचे राहिले आहे याची आठवण देणे आणि निर्णयाला आधार देणे एवढेच त्यांचे काम, आणि ती प्रशिक्षणाशिवाय वापरू नयेत.

मत कडवे असणे आणि कृतीकडे सरकणे यांत फरक करायला शिकणे हा या टप्प्याचा गाभा आहे. न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ रीड मेलॉय यांनी वर्णिलेली धोक्याची वर्तने येथे उपयोगी पडतात : एखाद्या व्यक्तीवर किंवा विषयावर खिळून जाणे, स्वतःला योद्धा समजून पूर्वीच्या हल्लेखोरांशी नाते जोडणे, तिसऱ्याच कोणाला तरी इरादा बोलून दाखवणे, टेहळणी आणि साहित्याची जमवाजमव, आणि ‘आता दुसरा मार्ग उरला नाही, वेळ संपली’ अशी भाषा. यांतील शेवटचे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाणारे चिन्ह आहे. संतापाने बोलणारा माणूस अजून कोणाचे तरी मन वळवू पाहतो आहे. बोलणे थांबवून शांत झालेला माणूस बरा होत असेल किंवा त्याचा निर्णय झाला असेल, आणि या दोन शांतता ओळखण्यासाठी त्याच्या दिनक्रमाची खडानखडा माहिती लागते.

लक्ष्य, साधन आणि वेळ या तिन्हींबाबत ठोस उत्तरे मिळाली तर सत्र संपवून रुग्णाला एकटे घरी पाठवू नये. वरिष्ठांना तेथूनच फोन करावा, आधी ठरवलेल्या यादीप्रमाणे कळवावे आणि काय कळवले, कोणाला, किती वाजता याची नोंद त्याच दिवशी करावी.

उपचार : विचाराशी कुस्ती न खेळता

समजण्यासाठी एक कल्पित नमुना घेऊ. शिक्षण अर्धवट सुटलेला एकवीस वर्षांचा तरुण दिवसाचे दहा तास एका बंद ऑनलाइन गटात असतो. तिथे त्याला टोपणनाव आहे, चित्रफिती जुळवण्याचे कौशल्य असल्यामुळे मान आहे, आणि रात्री दोन वाजता ‘झोपलास का’ असे विचारणारे तिघे आहेत. उपचारकाने चार सत्रे त्या गटाच्या दाव्यांचे खंडन करण्यात घालवली, तर तरुण पाचव्या सत्राला अधिक पाठांतर करून येईल. म्हणून संवाद साधारण असा पुढे न्यावा :

‘या गटात येण्याआधी तुमचे दिवस कसे जायचे?’

‘दिवस नव्हतेच. झोपायचो नुसतं.’

‘आणि आता?’

‘आता कोणीतरी वाट बघतं.’

‘कोणीतरी वाट बघणं हे महत्त्वाचं आहे. यासाठी तुम्हाला काय काय सोडावं लागलं?’

(बराच वेळ गप्प.) ‘बहिणीशी बोलत नाही मी. आमचा गट ज्यांच्या विरोधात आहे, तिचा नवरा त्यांच्यातला आहे.’

शेवटच्या उत्तरात उपचाराचे दार किलकिले झाले आहे. येथे ‘बघा, त्या गटानं तुमचं घर तोडलं’ असे म्हणण्याचा मोह अनावर होतो, आणि तो आवरायलाच हवा. ‘ती आठवते का?’ एवढेच विचारून थांबावे. विसंगती उपचारकाने दाखवली तर रुग्ण ती परतवून लावतो, स्वतःच्या तोंडून निघाली तर ती त्याच्यासोबत घरी जाते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपींच्या उपचारासाठी मांडलेल्या प्रेरणात्मक संवादाच्या पद्धतीचे हेच मर्म आहे.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांची मांडणी तपासणीला आणि उपचाराला जोडणारा चांगला पूल ठरते. आपल्याला किंमत असावी ही गरज, हिंसेतून ती मिळते असे सांगणारी कथा, आणि त्या कथेला टाळ्या देणारे लोक असे तीन भाग त्यात आहेत. वरील तरुणाच्या बाबतीत गरज आणि लोक हे भाग भक्कम असून कथा त्यामानाने उसनी आहे. म्हणून प्रथम झोपेची घडी, मग नैराश्यावरील उपचार, मग चित्रफिती जुळवण्याच्या कौशल्याला दुसरीकडे गिऱ्हाईक, आणि बहिणीला एक निरोप, असा क्रम लावावा. उलट, एखाद्याच्या जवळच्या माणसाचा खरोखर हिंसेत बळी गेला असेल तर आधी शोकाचे काम येते. त्याच्यावर झालेला अन्याय खरा असल्यास तो खरा आहे असे म्हणण्यास कचरू नये. अन्याय मान्य करणे आणि त्यावरून काढलेला हिंसेचा निष्कर्ष मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रुग्णाला हा फरक आपल्या वागण्यातून दिसला की त्यालाही तो करता येऊ लागतो.

औषधे नैराश्य, मनोविकृती, आघातोत्तर तणाव किंवा चिंता यांच्यासाठी द्यावीत. विचारसरणीवर गोळी नाही, आणि ‘तो जरा शांत राहावा’ म्हणून दिलेले गुंगीचे औषध त्याच्या संशयाला खतपाणी घालते.

एकट्याचे काम नव्हे

उपचारकक्षातील एक तास आठवड्याच्या उरलेल्या १६७ तासांना पुरत नाही. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे पोलीस, महापालिका आणि सामाजिक सेवा यांनी मिळून अशा तरुणांना मार्गदर्शक नेमून देण्याची, शिक्षण, काम आणि घर यांसाठी मदत करण्याची पद्धत बसवली. नॉर्वेत १९९७ मध्ये, स्वीडनमध्ये १९९८ मध्ये आणि जर्मनीत २००० मध्ये ‘एक्झिट’ नावाने सुरू झालेल्या उपक्रमांनी प्रामुख्याने वंशवादी गटांतून बाहेर पडणाऱ्यांना साथ दिली. स्वीडनमध्ये आणि जर्मनीत त्याच वाटेवरून परतलेल्या माणसांचा त्यात मोठा वाटा होता. असा माजी कार्यकर्ता ज्या अधिकाराने बोलतो तो कोणत्याही पदवीला येत नाही. तथापि त्याची निवड जपून करावी : स्वतःची कहाणी सांगण्याची ज्याला अजून नशा आहे, त्याला नवख्या रुग्णाजवळ बसवू नये.

पोलिसांशी संबंध ठेवताना उपचारकाने आपली भूमिका संदिग्ध ठेवू नये. कोणती माहिती, कोणत्या पातळीच्या धोक्याला, कोणाच्या निर्णयाने दिली जाईल हे आधीच लिहून ठरवावे. उपचाराच्या नावाखाली पाळत ठेवली जाते असा समज एकदा पसरला, की त्या भागातील पुढची दहा कुटुंबे फोनच करत नाहीत.

बाहेर पडताना

हिंसक कृती सोडणे आणि विचार सोडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली बहुधा आधी घडते आणि दुसरी कित्येकदा अर्धवटच राहते. दोन्हींची एकाच दिवशी अपेक्षा धरणारा उपचारक निराश होतो किंवा रुग्णाला खोटे बोलायला शिकवतो.

गट सोडल्यानंतरचे पहिले काही महिने धोक्याचे असतात. मित्र एका झटक्यात जातात, धमक्या येऊ शकतात, अंगावरचे गोंदण नोकरीच्या मुलाखतीत आडवे येते, आणि आतापर्यंत संतापाखाली दबलेली लाज वर येते. या काळात आत्महत्येचा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. शरमेशी काम करताना ‘तुम्ही फसवले गेलात’ अशी सोपी सुटका देऊ नये, कारण त्याने केलेली निवड त्याची होती हे त्याला ठाऊक असते. कोणाचे नुकसान झाले, त्यातले काय भरून देता येईल आणि काय कधीच भरून येणार नाही, हे हळूहळू, त्याच्या गतीने बोलावे.

उपचारकाची स्वतःची काळजी

किळस, भीती, बढाईखोर कौतुक (‘असा रुग्ण माझ्याकडेच येतो’) आणि त्याला वाचवण्याचा अट्टहास या चारही भावना उपचारकाच्या मनात येतात. रुग्णाचा द्वेष ज्या समाजावर आहे त्याच समाजातील उपचारक असेल, तर हे काम नाकारण्याची मुभा संस्थेने त्याला बिनशर्त द्यावी. घेणार असेल तर दर पंधरा दिवसांनी नेमाने पर्यवेक्षण हवे. प्रचाराच्या चित्रफिती ‘समजून घेण्यासाठी’ रात्री एकट्याने पाहत बसू नये. गरजेपुरते, दिवसा, सहकाऱ्यासोबत पाहावे. नोंदी लिहिताना ऐकलेले, पाहिलेले आणि तर्क केलेले असे तीन भाग वेगळे ठेवावेत. ‘आक्रमक वाटला’ याऐवजी ‘टेबलावर मूठ आपटून म्हणाला की…’ असे लिहावे, कारण हा कागद वर्षभराने कोण वाचेल हे आज सांगता येत नाही.

पाठपुरावा

नियमित भेटी संपल्या तरी पहिले सहा महिने महिन्यातून एकदा आणि पुढे वर्षभर तीन महिन्यांतून एकदा संपर्क ठेवावा, असे मी सुचवेन. शेवटच्या नियमित भेटीत रुग्णासोबत बसून एक पान तयार करावे. त्यात परत ओढ वाटू लागली की सर्वांत आधी काय बिघडते (झोप, जेवण, फोन उचलणे), कोणत्या तारखा आणि बातम्या जड जातात, त्या वेळी कोणाला फोन करायचा आणि त्या व्यक्तीने उचलला नाही तर दुसरे नाव कोणते, हे त्याच्याच हस्ताक्षरात आणि त्याच्याच शब्दांत असावे. एक प्रत त्याच्याकडे, एक फाइलमध्ये, आणि त्याची संमती असेल तर तिसरी बहिणीसारख्या जवळच्या माणसाकडे.